साक्षीदाराचा हात

आर्णीच्या बाजारात दोघांची बाचाबाची झाली की भोवती पाचपन्नास माणसे गोळा होण्यास वेळ लागत नाही. परंतु घटकाभराने पोलिसाने येऊन, "कोणी पाहिले?" असा प्रश्न केला म्हणजे त्या पाचपन्नासांपैकी एकाच्याही दृष्टीस काही पडलेले नसते. "आपल्याले काय करा लागते, भाऊ? मी त आत्ताच आलो," असे म्हणून जो तो आपली थैली उचलतो आणि चालू लागतो. हा दोष एकट्या आर्णीचा नव्हे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण सबंध महाराष्ट्रात चालते, आणि ती ज्यांनी प्रचारात आणली ती माणसे मूर्ख नव्हती. साक्षीस जावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, तारीख पुढे गेली तर पुन्हा तोच फेरा घडतो, आणि सर्वांत अवघड हे की, ज्याच्याविरुद्ध बोलावयाचे तो पुष्कळदा आपल्याच गावचा, आपल्याच बांधाला बांध लागून असलेला असतो. ही भीती खरी आहे. तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. तथापि पवित्र शास्त्र उघडून पाहिले तर साक्षीच्या या कर्तव्याविषयी त्यात इतक्या ठिकाणी आणि इतक्या कडक शब्दांत लिहिलेले आढळते की, तो विषय एकदा विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे मांडावा असे आम्हांस वाटले. आमच्या वाटण्यास आणखी एक कारण आहे. ते शेवटी सांगू.

प्रथम शब्दाकडेच पाहू. 'साक्षी' हा शब्द पाणिनीने 'साक्षात्' यापासून सिद्ध केला आहे. ज्याने प्रत्यक्ष पाहिले तो साक्षी. म्हणजे ऐकीव सांगणारा, तर्क करणारा, किंवा "तोच असला पाहिजे" असे म्हणणारा मनुष्य शब्दाच्या खऱ्या अर्थाने साक्षी नव्हेच. नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला तीत साक्षीदारास 'मार्तुस' म्हणतात. पहिल्या काही शतकांतील ख्रिस्ती लोकांनी, आपण जे मानतो व सांगतो ते नाकारण्यापेक्षा प्राण देणे पत्करले, तेव्हा याच शब्दास 'हुतात्मा' असा दुसरा अर्थ चिकटला व तो युरोपातील अनेक भाषांत गेला. न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभा राहणारा साधा मनुष्य आणि हुतात्मा या दोघांना एकच शब्द असावा, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ वेळा विचारात पाडते.

आता दहा आज्ञांपैकी नववी घ्या (निर्गम २०:१६). तिचा अर्थ विचारला असता बहुतेक मुले 'खोटे बोलू नये' एवढाच सांगतात. लहानपणी आम्हीही तोच सांगत होतो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. ती आज्ञा मुळात न्यायाच्या जागी उभ्या असलेल्या माणसास उद्देशून आहे आणि तीत शेजाऱ्याचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. त्या काळी इस्राएल लोकांत गावाच्या वेशीपाशी वडील मंडळी बसून निवाडा करीत. आपल्याकडे चावडीवर किंवा पारावर बसत, तसाच प्रकार. बोटांचे ठसे पाहणारे कोणी नव्हते, रक्ताची परीक्षा नव्हती, कागदपत्रही क्वचितच असे. माणसाचे घर, त्याची जमीन, प्रसंगी त्याचा प्राण, हे सर्व दोन शेजाऱ्यांच्या जिभेवर अवलंबून होते. म्हणून ही आज्ञा केवळ बोलणाऱ्याच्या चित्तशुद्धीसाठी नव्हे. जो आपल्या शब्दाने मरू शकतो त्याच्या रक्षणासाठी आहे. खोटी साक्ष ही चोरी आणि हत्या यांच्या पंक्तीत का बसविली, हे यावरून उमगेल.

निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात याच विषयाचा विस्तार आहे. खोटी अफवा उठवू नये. पुष्कळ लोक एका बाजूस धावत आहेत एवढ्यावरून आपण त्यांच्यामागे जाऊन न्याय वाकवू नये. लाच घेऊ नये, कारण तिने डोळस मनुष्यही पाहीनासा होतो. यात एक गोष्ट अशी आहे की ती वाचून आमचे काही विद्यार्थी नेहमी बुचकळ्यात पडतात. गरिबाच्या दाव्यात त्याचा न्याय डावलू नये असे जेथे सांगितले आहे, तेथेच थोडे अलीकडे, तो गरीब आहे एवढ्याचसाठी त्याच्या बाजूने झुकू नये, असेही सांगितले आहे. दीनांचा कैवार घेणाऱ्या शास्त्रात हे कसे? उत्तर असे की, दया ही दान देताना करावयाची असते. साक्ष देताना केवळ पाहिलेले सांगावयाचे असते. गरिबाला त्या जागी दयेची नव्हे, खऱ्या शब्दाची गरज असते. तेवढे जरी त्याला नेमाने मिळते, तरी त्याची निम्मी दुःखे संपती.

आणि गप्प बसणाऱ्याचे काय? लेवीय पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाचे पहिलेच वचन त्याच्यासाठी आहे. ज्याने पाहिले आहे किंवा ज्याला माहीत आहे, त्याने साक्षीसाठी जाहीर पुकारा ऐकूनही तोंड उघडले नाही, तर त्याचा दोष त्याच्या माथी, असा त्याचा आशय आहे. "मी त आत्ताच आलो" या उत्तराला शास्त्रात निराळे खाते नाही. ते खोट्या साक्षीच्या शेजारीच मांडलेले आहे.

खोटेपणाला आळा बसावा म्हणून मोशेच्या नियमशास्त्राने तीन बंधने घातली. पहिले असे की, एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर कोणास दोषी ठरवू नये. दोन किंवा तीन साक्षीदार असावेत (अनुवाद १९:१५). आपल्या देशाचा कायदा येथे निराळ्या वाटेने जातो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने साक्षीदारांची अमुक संख्या असलीच पाहिजे असे ठरविले नव्हते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तोच नियम आहे. साक्षी मोजू नयेत, तोलाव्यात, असा त्यामागचा विचार. दोन्ही विचारांत तथ्य आहे, हे नाबोथाच्या गोष्टीवरून पुढे दिसेल.

दुसरे बंधन, न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी आणि साक्षीदार खोटा ठरल्यास, त्याने आपल्या भावाचे जे करावयाचे योजिले होते तेच त्याचे करावे (अनुवाद १९:१६ ते २१). हे वाचून काही जणांस ते रानटी काळातले वाटते. परंतु १८६० च्या भारतीय दंड संहितेचे १९४ वे कलम पाहावे. देहान्ताच्या गुन्ह्यात कोणास अडकविण्यासाठी एखाद्याने खोटा पुरावा दिला आणि त्यामुळे निरपराध मनुष्य फाशी गेला, तर त्या खोटे बोलणाऱ्यासही देहान्त शिक्षा देता येत असे. आणि २०२४ साली लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २३० व्या कलमात हीच तरतूद कायम आहे.

तिसरे बंधन आम्हांस सर्वांत विचार करण्यासारखे वाटते. देहान्ताची शिक्षा ठरली तर पहिला दगड साक्षीदारांच्या हाताने पडावा, मग इतर लोकांच्या (अनुवाद १७:७). बोलून मोकळे होण्याची सोय येथे ठेवलेली नाही. आपला शब्द कोठे जाऊन लागतो ते त्याच्या हाताला कळले पाहिजे. पुढे स्तेफनाला दगडमार झाला तेव्हा साक्षीदारांनी आपली वस्त्रे शौल नावाच्या तरुणाच्या पायांपाशी ठेवली, असा उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत येतो (७:५८). वस्त्रे साक्षीदारांचीच का, असा प्रश्न वर्गात एका मुलीने आम्हांस विचारला होता. त्याचे उत्तर या नियमात आहे. त्यांनाच आधी हात उचलावयाचा होता.

परंतु नियम कितीही चांगला असला तरी तो पाळून अन्याय करता येतो, आणि या गोष्टीचे नाबोथाच्या वृत्तान्ताइतके स्पष्ट उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही (१ राजे २१). आमच्या पालकांपैकी बहुतेक शेतकरी आहेत. त्यांना हा अध्याय समजावून सांगावा लागणार नाही. इज्रेल येथे नाबोथ नावाच्या मनुष्याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तेथे भाजीचा मळा करावयाचा होता. त्याने बदल्यात दुसरा चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. नाबोथाने नाही म्हटले. ते वडिलार्जित वावर होते, आणि वडिलांचे वतन विकणे त्याच्या देवाधर्मात बसत नव्हते. राजा घरी येऊन तोंड फिरवून निजला, जेवेना. तेव्हा राणी ईजबेल हिने कारभार हाती घेतला. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, राजाची मोहर केली, आणि ती त्या गावच्या वडील व प्रतिष्ठित मंडळींकडे धाडली. उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांत मानाच्या जागी बसवा, आणि त्याच्यासमोर दोन अधम माणसे बसवून, याने देवाला व राजाला शाप दिला, असे त्यांच्याकडून वदवा.

येथे क्षणभर थांबून पाहावे. उपास आहे, म्हणजे धर्माची खूण आहे. वडील मंडळी आहेत, म्हणजे पंच आहेत. साक्षीदार एक नव्हे, दोन आहेत. शिक्षा नियमाप्रमाणे गावाबाहेर झाली. कागदोपत्री कोठेही बोट ठेवण्यास जागा नाही. संख्या मोजली तर पुरी भरते. तोलली असती तर दोघांचे मिळून रतीभरही वजन भरले नसते. आणि त्या दोघा अधमांपेक्षा आमची दृष्टी वारंवार त्या वडील मंडळींकडे जाते. ते नाबोथाच्या गावचे होते. त्यांनी त्याला लहानपणापासून पाहिले असेल. पत्र वाचून एकानेही विचारले नाही की, हे काय चालले आहे? राणीला उलट निरोप गेला तो एवढाच, की काम झाले. राजा मळा ताब्यात घेण्यास उतरला, तेव्हा त्याच्या वाटेत एलीया संदेष्टा उभा राहिला आणि त्याने त्याला खुनी व बळकावणारा अशा दोन्ही नावांनी हाक मारली. गावातला एकही मनुष्य जे बोलला नाही ते बाहेरून आलेल्या माणसाला बोलावे लागले.

सर्व खोट्या साक्षी इतक्या ढळढळीत नसतात. पुष्कळ वेळा त्यांत बराच भाग खरा असतो, आणि थोडासाच फिरविलेला असतो. मराठीत याला 'ध चा मा करणे' म्हणतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांची हत्या झाली. त्यांस 'धरावे' असा मूळ हुकूम होता आणि आनंदीबाईंनी त्यात एक अक्षर बदलून 'मारावे' असे केले, ही कथा घरोघर सांगतात. अनेक इतिहासकार ती पुराव्याने सिद्ध झालेली मानीत नाहीत. आणि ते बरोबर असतील तर ध चा मा खोडून लिहिल्याचा आरोप आपण सर्वांनीच एका स्त्रीवर दोन-अडीचशे वर्षे न पाहता केला, असे म्हणावे लागेल! या प्रकरणात रामशास्त्री प्रभुणे यांनी प्रत्यक्ष रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुण्यातील आपली जागा सोडली, ते मात्र मराठी माणसाने योग्यच लक्षात ठेवले आहे.

प्रभु येशूच्या चौकशीत अगदी असाच ध चा मा झाला. योहानाच्या शुभवर्तमानात (२:१९) येशू यहुद्यांस म्हणतो की, हे मंदिर तुम्ही मोडा, मी ते तीन दिवसांत उभारीन. आणि तो आपल्या शरीराविषयी बोलत होता असा खुलासा तेथेच आहे. महायाजकापुढे जे साक्षीदार आले त्यांनी मंदिर सांगितले, तीन दिवस सांगितले, मोडणे सांगितले, उभारणे सांगितले. फक्त मोडणारा कोण, एवढे बदलले. 'तुम्ही मोडा' याचे 'मी मोडीन' झाले (मार्क १४:५८). ज्याने मूळ वाक्य दुरून ऐकले असेल त्याला कदाचित आपण खोटे बोलत आहो असे वाटलेही नसेल. तरीही त्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत, असे मार्क दोनदा लिहितो. नियमाप्रमाणे खटला तेथेच संपावयास हवा होता. तो संपला नाही, कारण निकाल आधी ठरला होता आणि साक्षीदार मागाहून शोधले जात होते. तेवढ्याच वेळात, खाली अंगणात, विस्तवापाशी बसलेल्या पेत्राला एका दासीने साधा प्रश्न केला, आणि ज्याने सर्वांत जास्त पाहिले होते त्याने आपण या माणसाला ओळखतही नाही असे सांगितले.

शपथेविषयी दोन शब्द. पूर्वी आपल्याकडे बेलभंडार उचलून किंवा गंगाजळ हाती घेऊन शपथ वाहत. १८४० च्या एका कायद्याने न्यायालयांतून गंगाजळाची व कुराणाची शपथ बंद होऊन तिच्या जागी प्रतिज्ञा आली, आणि १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे साक्षीदारास ईश्वराच्या नावाने शपथ किंवा गांभीर्याने प्रतिज्ञा, यांपैकी हवे ते करता येते. डोंगरावरील प्रवचनात येशूने शपथच नको, होय ते होय आणि नाही ते नाही एवढे पुरे, असे शिकविले (मत्तय ५:३३ ते ३७). शपथ घेतल्यावरच खरे बोलणारा मनुष्य एरवी काय बोलत असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

हे सर्व फार जुने व दूरदेशीचे वाटेल. म्हणून अलीकडचे, आपल्याच राज्यातले एक प्रकरण सांगतो. ते मोठ्या मुलांनी व पालकांनी लक्षपूर्वक वाचावे. जून २००३ मध्ये जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ, रानातील झोपडीत राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर रात्री दरोडा पडला आणि पाच माणसे मारली गेली. या गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतील सहा मजूर पकडले गेले. २००६ साली खालच्या न्यायालयाने सहाही जणांस फाशी सांगितली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांस फाशीच ठरविली. त्यांपैकी एकजण घटनेच्या वेळी वयाने सज्ञानही नव्हता, हे पुढे उघड झाले. नंतर त्याच सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण फिरून उघडले आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांस निर्दोष सोडले. घटनेनंतर लगेच, वाचलेल्या एका प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार निराळीच माणसे ओळखली होती; त्या चौघांचा पुढे तपासच झाला नव्हता. सोळा वर्षांच्या सुमारास हे लोक तुरुंगात होते. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी आणि चुकीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांस शोधून काढावे, असे न्यायालयाने शासनास फर्माविले.

या प्रकरणातील त्या जखमी, दुःखाने वेड्या झालेल्या जिवांना खोटे साक्षीदार म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. प्रामाणिक मनुष्यही रात्रीच्या अंधारात चुकतो, आणि एकदा कोणी समोर आणून उभा केला म्हणजे तोच होता असे मनास पटू लागते. कसून चौकशी करा, असे अनुवादाचा लेखक न्यायाधीशांना बजावतो ते यासाठी. पहिली साक्ष कागदावर होती. जुळत नाही हे दिसत होते. ज्यांनी ती बाजूला ठेवली, त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे. न्यायमूर्तींनी आपल्या निकालपत्रात हे सहाजण भटक्या जमातीतील, अत्यंत गरीब मजूर असल्याचा उल्लेख केला आहे. तो उगाच केलेला नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा करून कित्येक जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची सोय करून ठेवली. अमुक मनुष्याने अमुक चोरी केली, असे कोणी पाहिलेले नसताना त्याच्या आजोबापासून नातवापर्यंत सर्वांवर साक्ष होऊन गेली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण पारध्यांच्या बेड्यावरचा मुलगा दुकानाशी उभा राहिला की दुकानदाराचा हात अजून गल्ल्याकडे जातो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

ज्यांना स्वतः बोलता येत नाही त्यांच्यासाठी तोंड उघडावे, असा उपदेश लमुएल राजाला त्याच्या आईने केल्याचे नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात आहे (३१:८, ९). अशी साक्ष महाराष्ट्रात १८८२ साली झाली. शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला होता. त्याच्यापुढे पुण्यात चोवीस वर्षांच्या विधवा रमाबाई उभ्या राहिल्या आणि मुलींना शिकविण्यास स्त्रिया हव्यात, स्त्रियांना औषधपाणी करण्यास स्त्री-डॉक्टर हव्यात, हे त्यांनी मराठीत सांगितले. हंटरसाहेबांना ती साक्ष एवढी महत्त्वाची वाटली की तिचे इंग्रजी भाषांतर त्यांनी स्वतंत्र छापविले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जोतीराव फुले यांनी आपले निवेदन त्याच आयोगापुढे ठेवून, शेतकऱ्यांच्या कराचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर जातो व त्यांची मुले तशीच राहतात, असे दाखविले. रमाबाई तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा पुढील वर्षी झाला. ज्या बाईंनी नंतर सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले, त्यांनी लमुएलाच्या आईचे हे वचन लिहिताना १८८२ ची ती दुपार आठवली असेल काय, असा प्रश्न आम्हांस नेहमी पडतो.

आता जे शेवटी सांगू म्हटले ते. आम्ही सातवीत होतो. शाळा आमच्याच जिल्ह्यातील. तिचे नाव देण्याचे कारण नाही. स्नेहसंमेलनाची वर्गणी एका पत्र्याच्या डबीत गुरुजींच्या टेबलाच्या खणात असे. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर डबी खणात नव्हती. आमच्या वर्गात बेड्यावरून येणारा एक मुलगा होता. तो शेवटच्या बाकावर एकटा बसे. दोन मुलांनी उभे राहून सांगितले की, सुट्टीत त्यांनी त्याला टेबलापाशी पाहिले. गुरुजींनी विचारले, "आणखी कोणी पाहिले काय?"

आम्ही पाहिले होते. गणिते राहिली होती म्हणून सबंध सुट्टीभर आम्ही खिडकीपाशी बसलो होतो. तो मुलगा आत आला, त्याने आपल्या बाकावरचे भाकरीचे फडके उचलले, आणि तो आल्या पावली बाहेर गेला. टेबलाकडे तो वळलाही नाही. एवढे एक वाक्य सांगावयाचे होते. परंतु त्या दोघांपैकी एकाच्या वडिलांच्या दुकानी आमच्या घरची उधारी होती, आणि दुसरा आमच्या शेजारी बसत असे. आम्ही वहीत पाहू लागलो. त्या मुलाने मार खाल्ला. तो रडला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

आठ दिवसांनी डबी सापडली. गुरुजींनी स्वतःच ती कचेरीच्या कपाटात ठेवावयास दिली होती व ते विसरले होते. पैसे पुरे भरले. बेड्यावर जाऊन ते सांगण्याचे मात्र कोणास सुचले नाही, आम्हांसही नाही. त्या दोन मुलांविषयी म्हणाल तर ती दुष्ट नव्हती. त्यांनी त्याला 'आत जाताना' पाहिले होते. बोलता बोलता त्याचे 'टेबलापाशी' झाले. ध चा मा तो एवढाच. तो तेथेच पुसून टाकणारा एक मनुष्य त्या खोलीत हजर होता, आणि आज तो हा लेख लिहीत आहे.

पुढे पुष्कळ वर्षांनी, बाबा कंबलपोषांच्या उरुसाच्या दिवसांत, आर्णीस एका चहाच्या टपरीवर एका गृहस्थाने आम्हांस हाक मारली. "वळखलं का, गुरुजी?" आम्ही ओळखले नाही, त्यानेच नाव सांगितले. तो जिनिंगमध्ये गाठी उचलण्याच्या कामावर होता. इकडचे तिकडचे झाले. मग बशीत चहा ओतता ओतता त्याने सहज विचारावे तसे विचारले, "तुमी तवा खिडकीपाशीच होते, नाई?"

आम्ही म्हटले, "होतो."

"मंग पाह्यलं असंन."

"पाहिले होते."

त्याने मान हलविली. बशीतला चहा संपविला, कप खाली ठेवला. "माही पोरगी आता सातवीत हाये," असे म्हणून तो उठला, आणि दिग्रसची गाडी किती वाजता सुटते, ते त्याने टपरीवाल्याला विचारले.